बारा संघ, एक करंडक : आभासी लीगमधील यश कशाने मोजावे?

१/२०
बारा संघ, एक करंडक. हंगाम संपतो तेव्हा एक जण जिंकतो आणि अकरा जण हरतात. तरीही पुढच्या हंगामाच्या पहिल्या दिवशी ते अकरा जण आपापले संघ घेऊन पुन्हा हजर असतात. का? आजचा धागा या प्रश्नावर आहे. विषय संगणकावरील क्रीडा-सिम्युलेशन लीगचा असला तरी वाट इतिहासाची आहे, आणि ती उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या आपल्याच पट्ट्यातून जाते. माझे मत आरंभीच सांगून टाकतो : अशा लीगमधील यशाचे सर्वांत दुबळे माप म्हणजे करंडक. आता पुरावे पाहू.

२/२०
प्रथम संज्ञा स्पष्ट करू. सिम्युलेशन लीगमध्ये, सदस्यांच्या बोलीत 'सिम लीग'मध्ये, प्रत्येक सदस्याकडे एक काल्पनिक संघ असतो. खेळाडूंना गुणांक दिलेले असतात. सामना संगणक खेळवतो : गुणांक आणि यदृच्छेने निघालेले आकडे यांच्या मेळातून निकाल लागतो. संघनिवड, खेळाडूंची अदलाबदल, डावपेच आणि सामन्यांची वार्तापत्रे ही सदस्यांची कामे. 'फँटसी' खेळाहून हा प्रकार वेगळा. तिथे खऱ्या सामन्यातील खऱ्या खेळाडूंच्या कामगिरीवर गुण मिळतात. इथे मैदान, खेळाडू आणि कालगणना, सारेच कल्पित. खरी असतात ती फक्त माणसे.

३/२०
हा छंद संगणकाहून जुना आहे. 'ऑन द रोड' या कादंबरीमुळे गाजलेला अमेरिकन लेखक जॅक केरुअॅक याने लहानपणीच एक काल्पनिक बेसबॉल लीग रचली होती. संघांना मोटारींच्या कंपन्यांची नावे, खेळाडू मनातले, निकाल पत्त्यांवर. तो त्या सामन्यांची वृत्तपत्रे लिही, आकडेवारी ठेवी. मोठेपणीही त्याने हा खेळ सोडला नाही. ते कागद आज न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात जतन केलेले आहेत. विचार करा : सर्व संघ त्याचेच, म्हणजे जिंकणाराही तोच आणि हरणाराही तोच. तरी वर्षानुवर्षे त्याला त्यात काहीतरी मिळत होते. ते काय असावे?

४/२०
पुढे हा एकट्याचा छंद समूहाचा झाला. १९५१ मध्ये 'अॅपबा' आणि १९६१ मध्ये 'स्ट्रॅट-ओ-मॅटिक' हे फासे व पत्त्यांवरचे बेसबॉल बाजारात आले. १९८० मध्ये डॅनियल ओक्रेंट आणि त्याच्या मित्रांनी 'रोटिसरी लीग' सुरू केली. ते ज्या उपाहारगृहात जमत त्याचेच नाव लीगला मिळाले. आजच्या फँटसी क्रीडाप्रकाराची गंगोत्री म्हणून तिच्याकडे बोट दाखवले जाते. आणि गंमत अशी की ही लीग ज्याच्या डोक्यातून निघाली, त्या ओक्रेंटला ती स्वतःला कधीच जिंकता आली नाही. करंडक हेच माप धरले, तर या क्षेत्राचा प्रवर्तकच अपयशी ठरतो. माप चुकले आहे, हे सांगायला एवढे उदाहरण पुरावे.

५/२०
आपल्याकडे या खेळाचा देशी अवतार प्रत्येक शाळेच्या मागच्या बाकावर होता : पुस्तकातले क्रिकेट. पुस्तक मध्येच उघडायचे आणि डाव्या पानाच्या क्रमांकाचा शेवटचा अंक पाहायचा. डावे पान म्हणजे सम संख्या. शून्य आले की बाद. दोन, चार, सहा आले की तेवढ्या धावा. आठाबद्दल मात्र वर्गावर्गांत मतभेद. पुष्कळ ठिकाणी त्याची एक धाव धरत. वहीच्या शेवटच्या पानावर धावफलक. वर्गात बसून एक अख्खी कसोटी मालिका पार पडे, आणि बाईंना वाटे मुलगा भूगोल चाळतो आहे.

६/२०
या खेळाचे गणित करून पाहा, कारण इथेच मुद्द्याचा गाभा आहे. पाच अंक सारख्याच शक्यतेने येतात असे धरले, तर दर पाच चेंडूंमागे सरासरी एक बळी. उरलेल्या चार चेंडूंवर दोन, चार, सहा आणि एक, म्हणजे १३ धावा. दहा बळींच्या डावाची सरासरी झाली १३०. पण ही सरासरी. दोन्ही बाजूंना तेच पुस्तक, तेच नियम, आणि दोघांचेही डाव पूर्ण खेळले गेले, तरी धावसंख्यांत साधारण पन्नासेक धावांचे अंतर सहज पडते. जिंकणारा म्हणतो, धुव्वा उडवला. वस्तुतः दोन्ही संघांत तिळमात्र फरक नव्हता.

७/२०
आता हेच लीगला लावू. बारा संघ अगदी तुल्यबळ आहेत आणि दहा हंगाम खेळले गेले. प्रत्येक हंगामात एखाद्या संघाने न जिंकण्याची शक्यता बारात अकरा. दहाही हंगामांत एकदाही न जिंकण्याची शक्यता? सुमारे ४२ टक्के. म्हणजे बारांपैकी सरासरीने पाच सदस्य दहा हंगामांनंतरही रिकाम्या हातांनी बसलेले असणार, त्यांची काहीही चूक नसताना. त्याच वेळी कोणाच्या तरी खात्यावर दोन-तीन करंडक जमा झालेले असतील, आणि त्या माणसाला मनापासून वाटत असेल की आपल्याला काही गुपित सापडले आहे.

८/२०
याचा अर्थ कौशल्य निरर्थक आहे, असा कोणी काढू नये. ज्याला आकडे वाचता येतात, तरुण खेळाडू पारखता येतो, कोणता करार कधी मोडावा हे कळते, त्याचा संघ दीर्घ काळात वरच्या अर्ध्यात राहतो. पण कौशल्य दिसते ते अनेक हंगामांच्या सरासरीत. एका अंतिम सामन्यात बहुधा दिसतो तो फासा. इतिहासाच्या अभ्यासकाला हे नवीन नाही. एका लढाईच्या निकालावरून सेनापतीची योग्यता ठरवू नये, हे आपण एकमेकांना नेहमी बजावतो. मग तोच विवेक आपण खेळाच्या तक्त्यासमोर का सोडून देतो?

९/२०
आकड्यांवर खेळणाऱ्या दुसऱ्या एका दुनियेकडे आता वळू, कारण तुलनेवाचून माप ठरत नाही. मुंबईत न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील उघडत्या व बंद होत्या भावांवर पैसे लावले जात. दूरच्या देशातील आकडा आणि इथल्या गिरणगावातला कामगार. १९६०च्या दशकाच्या आरंभी तो मार्ग बंद झाल्यावर मडक्यातून चिठ्ठ्या काढून आकडा ठरवण्याची युक्ती निघाली. मडके म्हणजे मटका. कापसाचा संबंध कधीच तुटला. 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द मात्र मागे राहिले.

१०/२०
आपल्या पट्ट्यातील वाचकांसाठी एक दुरुस्ती. 'कल्याण मटका' या नावाचा आपल्या शेजारच्या कल्याण शहराशी संबंध आहे, असे अनेक जण समजतात. तो नाही. ते नाव वरळीत मटका चालवणाऱ्या कल्याणजी भगत यांच्यावरून आले. दुसरा मोठा मटका चालवणारे रतन खत्री हे कराचीहून आलेले सिंधी. फाळणीने ज्या समाजाला उल्हासनगरच्या छावणीत आणून टाकले, त्याच समाजातले. त्यांचे नाव घेताना हेही लक्षात ठेवावे की त्याच छावण्यांतून हजारो कुटुंबांनी शिलाई मशीन, भट्टी आणि दुकान यांच्या बळावर संसार पुन्हा उभे केले.

११/२०
मटक्यात यश म्हणजे काय? आकडा लागणे. त्यापुढे काही नाही. मटक्याला हंगाम नसतो, तक्ता नसतो, प्रतिस्पर्धी नसतो, स्मृती नसते. काल हरलेला माणूस आज पुन्हा येतो तो खेळासाठी नव्हे, कालचे पैसे परत मिळवण्यासाठी. सिम लीगमध्ये हरलेला माणूसही परत येतो. दोघांच्या परत येण्यात जो फरक आहे, तोच या धाग्याचा विषय. एकाला कालचा दिवस पुसून टाकायचा असतो. दुसऱ्याला कालच्या नोंदीखाली आजची नोंद लिहायची असते.

१२/२०
गेल्या दशकात या दोन दुनियांची सरमिसळ झाली. मुंबईची 'ड्रीम ११' ही कंपनी २००८ची. फँटसी खेळ हा कौशल्याचा की नशिबाचा, हा वाद न्यायालयांत गेला आणि २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो कौशल्याचा असल्याचा कौल दिला. कर्जत लोकलमध्ये उभ्या उभ्या अकरा जणांचा संघ निवडणारा तरुण हे नित्याचे दृश्य झाले. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा केला आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. मग तो खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा. ई-क्रीडा आणि पैसे न लावता खेळायचे सामाजिक खेळ त्यातून वेगळे ठेवले.

१३/२०
त्या कायद्याच्या गुणदोषांवर स्वतंत्र धागा लिहिता येईल. इथे एवढेच : न्यायालयातला सारा वाद 'जिंकायला कौशल्य लागते का' या प्रश्नाभोवती फिरला. माझ्या मते तरुणाच्या आयुष्याच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न वेगळा आहे : हरल्यावर हातात काय उरते? पैशाच्या खेळात हरणाऱ्याच्या हाती वजाबाकी उरते, आणि ती घरच्यांपासून लपवावी लागते. सिम लीगमध्ये शेवटच्या क्रमांकावर आलेल्या संघाचाही इतिहास उरतो, आणि तो उघडपणे सांगता येतो. ज्या खेळातला पराभव चारचौघांत सांगता येतो, तो खेळ माणसाला मोडत नाही.

१४/२०
यावर एक आक्षेप हमखास येतो : हे सगळे खोटे आहे, खऱ्या खेळाची नक्कल आहे. उल्हासनगरच्या शेजारी राहणाऱ्याने तरी हा आक्षेप घेऊ नये. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणी, तिथे आलेले निर्वासित, १९४९ मध्ये गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते मिळालेले उल्हासनगर हे नाव. 'कॅम्प नंबर' अजून पत्त्यात आहेत. इथल्या मालावर जगाने 'मेड इन यूएसए'चा विनोद केला : यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन! पण त्या नकलेतून कारागिरी आली, जीन्सचा खराखुरा उद्योग उभा राहिला. नक्कल मनापासून आणि सातत्याने केली की ती स्वतःचे काहीतरी होऊन बसते.

१५/२०
आता खऱ्या मैदानावरची एक लीग पाहू. डॉ. एच. डी. कांगा यांच्या स्मरणार्थ १९४८ मध्ये मुंबईत कांगा लीग सुरू झाली, आणि तीही भर पावसाळ्यात! ओली खेळपट्टी, गुडघाभर गवत, निम्मे सामने पावसात जाण्याची भीती. श्रेणींची उतरंड अशी की तळातला संघ वर चढू शकतो आणि वरचा घसरू शकतो. अकरा वर्षांचा सचिन तेंडुलकर इथे खेळला. पण ही लीग टिकली ती केवळ तेंडुलकरांमुळे नव्हे. खालच्या श्रेणीत, कोणी पाहत नसताना, रविवारी सकाळी किटबॅग घेऊन लोकल पकडणाऱ्या शेकडो अनामिकांनी ती टिकवली. हे लोक हजर राहिले, म्हणून श्रेष्ठांना खेळायला कोणीतरी होते.

१६/२०
तक्ता काय दाखवत नाही, हेही मुंबईच्याच मैदानाने शिकवले आहे. पळवणकर बाळू यांनी १९११च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेतले. हिंदू संघाचे ते आधारस्तंभ. तरी दलित असल्यामुळे कर्णधारपद त्यांना नाकारले गेले. तो मान पुढे त्यांचे बंधू विठ्ठल यांना १९२३ मध्ये मिळाला. विजेत्यांच्या यादीत हा संघर्ष कुठेच दिसणार नाही. खेळाचे नियम, नेमणुका आणि प्रवेश कोणाच्या हाती आहेत, यावर यशाची व्याख्या ठरते. म्हणून लीग लहान असो वा मोठी, आभासी असो वा खरी, पहिला प्रश्न हाच विचारावा : इथे दार कोणासाठी उघडे आहे, आणि नियम सर्वांना सारखे आहेत का?

१७/२०
उल्हासनगरनंतरचे स्थानक अंबरनाथ. तिथल्या शिवमंदिरातील शिलाहारकालीन शिलालेख आपल्यापैकी अनेकांना परिचित आहे. त्याचा शक आधी ७८२ असा वाचला गेला. पुढे तो ९८२, म्हणजे इ.स. १०६०, असा निश्चित झाला. छित्तराजाने आरंभलेले मंदिर मम्मुणीच्या काळात पूर्ण झाले, असे मानले जाते. म्हणजे ज्याने सुरुवात केली त्याने कळस पाहिला नाही. आणि कित्येक शतकांनंतर चुकीचे वाचन दुरुस्त होऊ शकले, कारण नोंद दगडावर होती. नोंद असली की चूकही सुधारता येते. म्हणून लीगमध्ये माझा सर्वांत मोठा मान नोंदवहीकाराला : जो दर आठवड्याला निकाल लावतो, आकडे जुळवतो आणि तळाच्या संघाच्या सामन्याचेही चार ओळींचे वृत्त लिहितो.

१८/२०
पुढचे स्थानक बदलापूर. इथे प्रवासी घोडे बदलत, म्हणून हे नाव पडले, असे लोक सांगतात. कथा असो, पण दृष्टांत नेमका आहे. लीग मरते ती बहुधा एकाच कारणाने : हंगामाच्या मध्यावर, सलग पाच सामने हरल्यावर, कोणीतरी न सांगता निघून जातो. त्याचा संघ बेवारस होतो, प्रतिस्पर्ध्यांचे विजय फुकाचे ठरतात, आणि मग दुसराही जातो. उलट, परीक्षा आली, नोकरी लागली, थकवा आला, तर आपला संघ नीट लावून दुसऱ्याच्या हाती सोपवणारा सदस्य लीगला पुढचा टप्पा गाठून देतो. थकलेला घोडा बदलावाच लागतो. वाटेत सोडून जाऊ नये इतकेच.

१९/२०
कोणी म्हणेल, ही हरणाऱ्यांची समजूत झाली. करंडक नकोच, तर खेळायचे कशाला? प्रश्न रास्त आहे. करंडकासाठी जीव तोडूनच खेळले पाहिजे. जो जिंकण्याचा प्रयत्नच करत नाही, तोही लीगचा घातच करतो, कारण त्याच्याविरुद्धच्या विजयाला किंमत राहत नाही. पण उद्दिष्ट आणि माप या दोन गोष्टी निराळ्या. वारकरी पंढरीकडे तोंड करून चालतो. तरी त्याची वारी गाभाऱ्यात किती क्षण उभे राहायला मिळाले यावर मोजत नाहीत. आपल्या पट्ट्यातील तरुण गुणवत्ता याद्यांच्या, कटऑफच्या आणि निवडीच्या काळात जगतो आहे. शेकडोंतून एकाची निवड होते आणि उरलेल्यांना अपयशी म्हटले जाते. निदान ज्या खेळात आपण आपल्या मर्जीने शिरलो, तिथे तरी हे माप घेऊन जाऊ नये.

२०/२०
मग मापे कोणती? माझी चार. तुम्ही हंगाम शेवटच्या सामन्यापर्यंत खेळलात का? अनेक हंगामांच्या सरासरीत तुमची समज वाढलेली दिसते का? तुमच्या असण्याने दुसऱ्या कोणाचा खेळ अधिक रंगला का? आणि तुमच्या नंतर येणाऱ्याला व्यवस्थित संघ आणि खरी नोंदवही मिळेल का? चारांपैकी तीन उत्तरे 'हो' असतील तर तुम्ही यशस्वी आहात, तक्त्यात बारावे असलात तरी. तुमच्या वर्गातल्या पुस्तकी क्रिकेटमध्ये आठाला किती धावा धरत, तेवढे मात्र उत्तरात जरूर कळवा. शाळेचे आणि गावाचे नावही लिहा. गल्लोगल्लीचे हे नियम कोणीतरी नोंदवून ठेवायला हवेत. धागा समाप्त.